मनाच्या रोजनिशीचे मराठी अ‍ॅप: प्रश्न कोणते विचारावेत आणि लिहिलेले कोणी वाचावे?

कोरडवाहू

नमस्कार. मी विदर्भात, दारव्हा तालुक्यातील एका गावात राहतो आणि मोबाइलसाठी अ‍ॅप बनवण्याचे काम करतो. तालुक्यातील काही शिक्षक, एक समुपदेशक आणि मी असे मिळून मार्गदर्शित रोजनिशीचे एक विनामूल्य मराठी अ‍ॅप तयार करत आहोत. कोऱ्या पानासमोर बसून मनातले उतरवणे बहुतेकांना जमत नाही, कारण सुरुवात कुठून करावी हेच सुचत नाही. म्हणून अ‍ॅपने रोज एखाद-दुसरा प्रश्न विचारावा, माणसाने लिहून अथवा बोलून उत्तर द्यावे, आणि काही आठवड्यांनी आपले मन कोणत्या दिवसांत आणि कशामुळे खचते हे त्याचे त्यालाच दिसावे, अशी मूळ कल्पना आहे.

या कल्पनेला संशोधनाचा आधार आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, दररोज १५ मिनिटे, आयुष्यातील अत्यंत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. ज्यांनी घटना आणि तिच्याविषयीच्या भावना अशा दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढील काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. मात्र आज उपलब्ध असलेली अशी बहुतेक अ‍ॅप शहरातील नोकरदार माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहेत. दुबार पेरणीचे संकट उभे असलेल्या माणसाला ‘आज कार्यालयातील कोणत्या गोष्टीने ताण आला?’ हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नाही.

मला दोन गोष्टींवर आपली मते हवी आहेत. पहिली, आपल्या भागातील माणसाला कोणते प्रश्न विचारावेत? दुसरी, त्याने लिहिलेले त्याच्याशिवाय कोणी वाचावे का? माझा स्वतःचा कल कोणीही वाचू नये याकडे आहे, परंतु आमच्या गटात यावर एकमत नाही.

पळसफूल

मी आशा स्वयंसेविका आहे. प्रश्न ठरवण्याआधी फोन कोणाच्या हातात असतो, हे पाहावे अशी माझी विनंती आहे. माझ्याकडच्या बहुसंख्य घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो दिवसभर घरधन्याजवळ, संध्याकाळी मुलांजवळ असतो. बाईच्या वाट्याला तो स्वयंपाक आवरल्यावर येतो आणि तेव्हाही कोणीतरी शेजारी बसलेले असतेच. त्यामुळे अ‍ॅपचे नाव आणि चिन्ह साधे असावे, वरून पाहणाऱ्याला ते मनाच्या आजाराचे वाटू नये, आणि ‘आज तुम्हाला उदास वाटते आहे का?’ अशी सूचना बंद पडद्यावर कधीही झळकू नये.

दुसरे, घरभेटीला गेल्यावर ‘मन कसे आहे?’ असे विचारले तर ‘बरे आहे’ एवढेच उत्तर मिळते. झोप लागते का, भूक लागते का, डोके जड होते का, छातीत धडधडते का, हे विचारले की बाई आपोआप बोलू लागते आणि मग घरातली खरी गोष्ट बाहेर येते. अ‍ॅपनेही शरीरापासून सुरुवात करावी.

मृगधारा

पळसफूल ताई, नाव आणि चिन्ह लपवण्याने मानसिक आजाराविषयीची लाज आणखी वाढणार नाही का? आपण उघडपणे बोलायला हवे.

पळसफूल

उघडपणे बोलायला हवे हे मला मान्य आहे आणि मी ग्रामसभेत ते बोलते. परंतु ही लाज घालवण्याचे काम गावाचे आहे. ज्या बाईला आधीच सासरी टोमणे ऐकावे लागतात, तिच्या फोनवर ते ओझे टाकू नये.

सातपुडा

मी अमरावती जिल्ह्यात मानसोपचार क्षेत्रात काम करतो. कोरडवाहू यांनी दिलेला प्रयोग योग्य आहे, तथापि त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच प्रयोगात क्लेशकारक अनुभव लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक वाईट वाटत होते. पुढे २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा लेखनाचा फायदा खरा असला तरी सरासरीने लहान आहे असे दिसून आले. म्हणजे रोजनिशी हा आधार आहे, उपचाराची जागा ती घेऊ शकत नाही, आणि हे अ‍ॅपच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलेले असावे.

रचनेच्या दृष्टीने मला सर्वांत मोठा धोका दिसतो तो एकाच दुःखाभोवती घिरट्या घालण्याचा. ‘माझ्याच वाट्याला हे का आले?’ हा विचार रोज नव्याने लिहिल्याने मन हलके होत नाही, उलट ती वाट अधिक खोल होत जाते. म्हणून मोकळ्या लेखनाला शेवट हवा: १५ मिनिटे झाली की अ‍ॅपने सौम्यपणे थांबवावे आणि अखेरीस एक छोटा, करता येण्याजोगा प्रश्न विचारावा. उद्या सकाळी आपण कोणते एक काम करणार आहात, कोणाला भेटणार आहात, एवढे पुरेसे आहे. खचलेला माणूस ‘बरे वाटले की बाहेर पडेन’ असे म्हणतो. अनुभव असा आहे की आधी लहानसे काम घडते आणि त्यानंतर बरे वाटू लागते. तसेच अपघात किंवा घरातील मृत्यू अगदी ताजा असताना त्या घटनेचे तपशील लिहायला कोणालाही प्रवृत्त करू नये.

संत्राबाग

मी वरुड तालुक्यातील संत्रा उत्पादक आहे. माझ्या मुलीने मला असे एक इंग्रजी अ‍ॅप बसवून दिले होते. ते रोज विचारायचे की, आज ज्यांबद्दल कृतज्ञ आहात अशा तीन गोष्टी लिहा. चांगल्या दिवसांत तो प्रश्न आवडतो. परंतु पावसाळ्यात आंबिया बहाराची फळगळ सुरू असते, झाडाखाली फळांचा सडा पडलेला असतो, बागवान व्यापारी ठरलेला सौदा मोडायला निघालेला असतो, आणि त्या रात्री फोन कृतज्ञता मागतो, तेव्हा तो प्रश्न जिव्हारी लागतो. असा प्रश्न ठेवायचाच असेल तर तो आठवड्यातून एकदा असावा आणि ‘आज नको’ म्हणण्याची सोय असावी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अनेक अ‍ॅप माणसाला त्याचे विचार तपासायला लावतात. प्रसंग लिहा, मनात आलेला विचार लिहा, त्याच्या बाजूचा आणि विरुद्ध पुरावा लिहा, आणि मग कळेल की विचार अतिरंजित होता. ही पद्धत डॉक्टर मंडळींनी सिद्ध केलेली असेल, मी तिला नाकारत नाही. परंतु सोसायटीचे कर्ज ३१ मार्चला भरायचे आहे, कृषी केंद्राची उधारी वेगळी आहे आणि हातात पैसा नाही, हा विचार अतिरंजित नाही, ती वस्तुस्थिती आहे. कर्ज असलेल्या माणसाला ‘तुझ्या विचारात चूक आहे’ असे सुचवणारे यंत्र तो दुसऱ्या दिवशी काढून टाकेल. त्याऐवजी विचारावे की, यातले आपल्या हातात काय आहे, हातात काय नाही, आणि जे हातात आहे त्याविषयी कोणाकडे जावे लागेल. बँकेत पुनर्गठनाचा अर्ज देणे हेही मनाचेच काम आहे, असे मी मानतो.

सातपुडा

संत्राबाग काका, आपण म्हणता ते उपचाराच्या दृष्टीनेही बरोबर आहे. खऱ्या अडचणीला विचार तपासण्याचे तंत्र लावायचे नसते, तिथे अडचण सोडवण्याचे टप्पे वापरायचे असतात. विचार तपासायचा तो ‘मी घरावर ओझे आहे, मी नसतो तर बरे झाले असते’ हा. कर्ज खरे असते, पण त्यातून काढलेला हा निष्कर्ष खरा नसतो. अ‍ॅपमध्ये हे दोन रस्ते वेगळे ठेवले तर फार मोठे काम होईल.

तिफण

तांत्रिक बाजू मांडतो. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहिले तरच नेटवर्क मिळते अशी गावे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि रिचार्ज संपल्यावर महिन्यातील काही दिवस फोन नुसता पडून असतो. म्हणून अ‍ॅप पूर्णपणे इंटरनेटशिवाय चालले पाहिजे, नोंदी फोनमध्येच सांकेतिक रूपात साठवल्या पाहिजेत आणि खाते उघडण्याची, मोबाइल क्रमांक देण्याची अट नसावी. जे आपल्याजवळ जमाच होत नाही ते आपल्याकडून गळतही नाही. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याप्रकरणी तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले.

एक बारीक गोष्ट हमखास निसटते. अँड्रॉइड प्रणाली अ‍ॅपमधील माहितीची प्रत, बनवणाऱ्याने ती सोय बंद केली नसेल तर, वापरकर्त्याच्या गूगल ड्राइव्हवर आपोआप ठेवू शकते. ज्या घरात एकच गूगल खाते मुलाने उघडून दिलेले असते, तिथे याचा अर्थ काय होतो हे पळसफूल ताईंनी सांगितलेच आहे. ही सोय बंद ठेवावी आणि अ‍ॅप उघडे असताना स्क्रीनशॉट निघणार नाही अशी तजवीज करावी.

बोलून दिलेल्या उत्तराचे अक्षरांत रूपांतर करण्याच्या मोहात पडू नये. आपली वऱ्हाडी बोली यंत्राला नीट उमगत नाही, आणि त्या रूपांतरासाठी आवाज बाहेरच्या संगणकावर पाठवावा लागण्याचीही शक्यता असते. आवाज जसा आहे तसाच फोनमध्ये साठवावा.

मृगधारा

मी या चर्चेतील सर्वांशी एका मुद्द्यावर असहमत आहे आणि तो मुद्दा मला जीवनमरणाचा वाटतो. आमच्या गावात गेल्या काही वर्षांत तरुण माणसे गेली. प्रत्येक वेळी घरचे म्हणाले की, त्याच्या मनात काय होते ते आम्हाला कळलेच नाही. आता आपण एक असे साधन तयार करत आहोत ज्यात तो माणूस स्वतःच्या शब्दांत मनातले लिहील, आणि आपणच ठरवत आहोत की ते कोणालाही कळू द्यायचे नाही. लिहिलेल्या मजकुरात धोक्याची चिन्हे आढळली तर अ‍ॅपने घरच्या माणसाला किंवा आशाताईंना आपोआप कळवले पाहिजे. जीव वाचत असेल तर गोपनीयता भंगली तरी चालेल. ज्याच्या घरात अशी घटना घडली आहे त्याला विचारून पाहा.

तिफण

मृगधारा, आपली कळकळ पोहोचली. तरीही यंत्राने शब्द पाहून धोका ओळखणे किती अवघड आहे ते सांगतो. आपल्या रोजच्या बोलण्यात मरणाचा उल्लेख सहज येतो: उन्हाने मेलो, हसून मेलो, बाजारभावाने मारले. अशा प्रत्येक वाक्याला संदेश गेला तर आठवड्याभरात कोणी त्याकडे लक्ष देणार नाही. आणि जो खरोखर टोकाला पोहोचला आहे तो बऱ्याचदा अगदी साधे वाक्य लिहितो, जे कोणत्याही यादीत सापडणार नाही.

पळसफूल

मी दुसरी बाजू सांगते. माझ्या ओळखीच्या एका बाईची वही घरच्यांनी वाचली. त्यानंतर तिने लिहिणे तर सोडलेच, माझ्याशी बोलणेही कित्येक दिवस सोडले. अ‍ॅप आपोआप निरोप पाठवते ही बातमी एकदा गावात पसरली की, ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे तेच आधी दूर होतील. शिवाय पुष्कळ घरांत तिच्या दुःखाचे कारण असलेला माणूसच घरचा माणूस म्हणून नोंदवला जाईल. निरोप त्याच्याकडे गेला तर काय होईल, याचा विचार व्हावा.

वैनगंगा

ताईंचा शेवटचा मुद्दा वाचून माझे मत बदलले. मी आतापर्यंत मृगधारा यांच्या बाजूने होते.

सातपुडा

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून मधला मार्ग शोधायला हवा, आणि तो उपचारपद्धतीत आधीपासून आहे. स्टॅनली आणि ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आत्महत्या टाळण्यासाठी मांडलेल्या सुरक्षा आराखड्यात माणूस मन स्थिर असताना स्वतःच काही गोष्टी लिहून ठेवतो: मन खचू लागल्याची माझी चिन्हे कोणती, एकट्याने काय केले की थोडे सावरते, कोणाजवळ जाऊन बसले की लक्ष दुसरीकडे वळते, मदत कोणाकडे मागता येईल, दवाखाना किंवा समुपदेशक कोणता, आणि घर सुरक्षित कसे करायचे. आपल्याकडे या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे. फवारणीची औषधे घरात न ठेवता कुलूपबंद पेटीत, शक्य तर दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्यावीत. कठीण वेळ बहुधा ओसरते, आणि ती ओसरेपर्यंत माणूस आणि ही औषधे यांतले अंतर वाढवणे हे जीव वाचवणारे काम आहे.

अ‍ॅपमध्ये असे एक पान असावे आणि ते पहिल्या आठवड्यातच भरून घ्यावे. त्यात विश्वासाचा माणूस वापरकर्त्याने स्वतः निवडावा. तो घरचाच असावा असे नाही, मावशी असेल, मित्र असेल, गुरुजी असतील. प्रत्येक पानावर एक ठळक बटण असावे, जे दाबले की त्या माणसाला साध्या एसएमएसने ‘मला आत्ता आपल्याशी बोलायचे आहे’ एवढाच निरोप जाईल, लिहिलेल्यातला एक शब्दही जाणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही जीवाला धोका असताना आवश्यक तेवढीच माहिती देण्याची मुभा ठेवलेली आहे. त्याच मर्यादेत आपणही राहावे. त्याच बटणाखाली टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक असावा. मानसिक आरोग्याविषयी फोनवर मदत देणारी ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून विनाशुल्क, चोवीस तास सुरू आहे आणि मराठीत बोलता येते. फोन लावायला इंटरनेट लागत नाही, हेही आपल्या सोयीचे आहे. त्याच कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करायची नसते. पोलिसांच्या भीतीने घरचे लोक आजही दवाखान्यात खरे सांगत नाहीत, म्हणून हेही दोन ओळींत तिथे लिहावे.

मृगधारा

हे मला पटते, परंतु पूर्णपणे नाही. बटण दाबण्याचे बळ त्या क्षणी उरले नसेल तर? किमान एवढे करावे की, आठवड्यातून एकदा अ‍ॅपने जगावेसे वाटत नाही असे कधी वाटले का हे स्पष्ट शब्दांत विचारावे. हा प्रश्न टाळून आपण कोणालाही वाचवणार नाही.

सातपुडा

जरूर विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारल्याने माणसाला सुटका वाटते. नैराश्य ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीतील ९ वा प्रश्न नेमका हाच आहे. ती सर्वांना विनामूल्य वापरता येते आणि मराठीतही आहे. तिच्यात गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारलेले असते, म्हणून ती रोज न देता दोन आठवड्यांनी द्यावी. ९ व्या प्रश्नाला ‘नाही’ सोडून कोणतेही उत्तर आले, तर बाकीच्या उत्तरांच्या गुणांची बेरीज कितीही कमी असली तरी सुरक्षा आराखड्याचे पान आणि १४४१६ थेट समोर उघडावे. मृगधारा, ही सूचना आपलीच म्हणून नोंदवावी.

निवृत्त गुरुजी, भंडारा

शाळेतील मुलांसाठी हे अ‍ॅप वापरायचे असेल तर एक अडचण लक्षात घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळायची असल्यास पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते, त्यामुळे पहिली आवृत्ती प्रौढांपुरती ठेवलेली बरी. मुलांना मी वर्गात कागदी वही देत असे आणि ती तपासणार नाही हे पहिल्या दिवशी सांगून तसेच वागत असे.

लिहिण्याच्या वेळेविषयीही सांगतो. आमच्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील सायंकाळची सामुदायिक प्रार्थना अजूनही अनेक गावांत होते. प्रार्थनेनंतरची शांत वेळ ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याला रोजनिशीसाठी वेगळी सवय लावावी लागणार नाही. अ‍ॅपने स्वतःची वेळ लादू नये, माणसाच्या दिवसात जी वेळ आधीच ठरलेली आहे तिच्याशी स्वतःला जोडून घ्यावे. आणि सलग किती दिवस लिहिले याची मोजदाद दाखवू नये. धानाची रोवणी किंवा कपाशीची वेचणी सुरू झाली की कोणाचेच लिहिणे होत नाही. परत आल्यावर ‘आपली साखळी तुटली’ असे वाचायला मिळाले तर खचलेला माणूस आणखी खचतो.

वैनगंगा

गुरुजींच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. आणखी एक. वोबॉट हे मनाच्या आधारासाठीचे प्रसिद्ध चॅट-अ‍ॅप ३० जून २०२५ रोजी बंद झाले. उद्या आपले अ‍ॅप बंद पडले किंवा फोन बदलला, तर माणसाचे लिहिलेले त्याच्याजवळ राहिले पाहिजे. सर्व नोंदी साध्या फाइलमध्ये बाहेर काढण्याची सोय पहिल्या दिवसापासून असावी.

कोरडवाहू

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या गटाची काल बैठक झाली आणि या धाग्यावरील मते मी तिथे वाचून दाखवली. लिहिलेले कोणीही वाचणार नाही, यंत्रही नाही, हे आता पक्के झाले आहे. निरोपाचे बटण, सुरक्षा आराखडा आणि दोन आठवड्यांनी येणारी प्रश्नावली घेतली आहे. गूगलवर आपोआप जाणारी प्रत बंद केली आहे. सलग दिवसांची मोजदाद काढून टाकली आहे.

प्रश्नांचा मसुदा असा आहे. सुरुवात शरीरापासून: रात्री झोप कशी लागली, जेवण गेले का, अंगात काय जाणवते. त्यानंतर दिवस: आज मनावर सर्वांत जास्त भार कशाचा होता? मग दोन रस्ते. ती अडचण बाहेरची, म्हणजे पैसा, पीक, आजारपण, भांडण अशी असेल तर हातात काय आहे आणि कोणाकडे जावे लागेल. आणि भार स्वतःविषयीच्या विचाराचा असेल तर ‘हेच एखादा जवळचा मित्र स्वतःबद्दल म्हणाला असता, तर आपण त्याला काय सांगितले असते?’. शेवटी उद्याचे एक लहान काम. हंगामाप्रमाणे प्रश्न बदलतील: पेरणीच्या दिवसांत वाट पाहण्याविषयी, वेचणीच्या दिवसांत थकव्याविषयी, मार्चमध्ये देण्याघेण्याविषयी.

संत्राबाग

मार्चच्या प्रश्नात एक बदल सुचवतो. ‘किती देणे आहे?’ असे विचारू नये, तो आकडा माणसाला पाठच असतो. ‘या देण्याविषयी घरात कोणाला माहीत आहे?’ असे विचारावे. आकड्यापेक्षा एकट्याने तो लपवून ठेवणे माणसाला पोखरते, हे मी आजूबाजूला पाहिले आहे.

कोरडवाहू

काका, हा प्रश्न आपल्या शब्दांत जसाच्या तसा घेतला आहे.

सातपुडा

एक शेवटचा मुद्दा, अ‍ॅपचा उपयोग होतो की नाही हे कसे ओळखायचे याचा. लोक ते किती वेळ वापरतात यावरून ओळखू नये. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावातीलच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याविषयी संवाद साधला, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ते काम माणसांनी केले होते. आपल्या अ‍ॅपचेही माप तेच असावे: लिहिता लिहिता किती जण कोणाशी तरी बोलले. ही माहिती फोनमधून गोळा करायची नाही, म्हणून ती गावात बसून, ज्यांना सांगायचे आहे त्यांनाच विचारावी लागेल.

पळसफूल

वेचणी आटोपली की आमच्या बचत गटाच्या बैठकीत हे प्रश्न मी तोंडी विचारून पाहीन. जो प्रश्न बायकांना कळणार नाही किंवा खुपेल तो इथे येऊन सांगेन. कोरडवाहू भाऊ, तोपर्यंत प्रश्न वाचून दाखवणारा आवाज भरून ठेवावा. आमच्या गटात वाचता न येणाऱ्या बायका आहेत आणि त्यांनी या चाचणीतून सुटू नये. आवाज आपल्याकडच्याच एखाद्या बाईचा असावा.